तिण्णैवरची सकाळ

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात १२ जून ही तारीख सणासारखी आहे. त्या दिवशी मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायचे, तीन-चार दिवसांत पाणी कल्लणैला पोचायचं, तिथून कावेरी, वेण्णारू आणि नव्या कालव्यात वाटलं जायचं आणि मग तंजावूरच्या गावागावांत कुरुवै हंगामाची लावणी सुरू व्हायची, असा तिथला क्रम. २०१२ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिरुवय्यारूला शेतकऱ्यांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत रुजू झाले ती हा क्रम वहीत उतरवून घेऊनच. पण त्या वर्षी १२ जूनला धरण उघडलं नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. पाणी सुटलं ते १७ सप्टेंबरला. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी होतं त्यांनी थोडंफार भात लावलं, बाकीची खाचरं तापत पडून राहिली.

पाणी नव्हतं म्हणून काम नव्हतं, आणि काम नव्हतं म्हणून माणसं बोलायला मोकळी होती. मी तिथे जे शिकले त्याची सुरुवात या रिकाम्या साडेतीन महिन्यांत झाली.

मी धुळे जिल्ह्यातली, साक्री तालुक्यातली. आमच्याकडे पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर फडपद्धतीची शेती चालत आली. माझे आजोबा पाटकरी होते. कुठल्या फडाला कधी पाणी द्यायचं ते पंच ठरवायचे. ठरलेलं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत नेऊन पोचवायचं काम आजोबांचं. त्यांनी आयुष्यात काही लिहून ठेवलं नाही. मी शेतकीची पदवी घेतली तोवर ते गेले होते, आणि त्यांना काय काय ठाऊक होतं ते विचारायचं राहून गेलं याची खंत मला कायम होती. त्यामुळे तिरुवय्यारूची नोकरी मला मनापासून आवडली. शेतकऱ्यांकडून आणि संस्थेच्या कार्यकर्त्यांकडून कळलेलं सगळं नोंदवायचं, संगणकावर साठवायचं, म्हणजे माणूस गेला तरी त्याला ठाऊक असलेलं मागे राहील, असं ते काम होतं. त्यासाठीचा अर्ज मीच तयार केला. गावाचं नाव, तारीख, हजर शेतकरी, विषय, आणि शेवटी एक मोठा चौकोन: या महिन्यात काय शिकलात?

संस्था लहान होती. नऊ कार्यकर्ते, प्रत्येकाकडे तीन-चार गावं. त्यांत चार बायका. कार्यालय एका जुन्या घरात भाड्याने घेतलेलं. दाराच्या दोन्ही बाजूंना कमरेइतका उंच ओटा, लाकडी खांब, वर कौलं. या ओट्याला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात. पूर्वी वाटसरू रात्री तिथे पाठ टेकायचे. गावचा मास्तर मुलांना तिथेच बसवून शिकवायचा, त्या शाळेला तिण्णै पळ्ळिक्कूडम असंच नाव होतं.

पहिल्या महिन्याचे नऊ अर्ज माझ्याकडे आले. मोठ्या चौकोनात बहुतेकांनी लिहिलं होतं, 'बैठक चांगली झाली.' एकाने लिहिलं होतं, 'शेतकऱ्यांनी सहकार्य केलं.' तीन चौकोन कोरे होते. मला वाटलं, यांना लिहायची सवय नाही. मी अर्ज सोपा केला, चौकोनाचे चार छोटे चौकोन केले. दुसऱ्या महिन्यात चारही चौकोनांत तेच वाक्य आलं.

मी तंजावूर शहरात राहत होते आणि नऊच्या सुमाराला कार्यालयात पोचत होते. एकदा जुलैत रात्रभर वीज नव्हती, झोप आली नाही, म्हणून पहाटेची पहिली बस धरली आणि पावणेसहाला कार्यालयाशी उतरले. तिण्णैवर आठ माणसं बसलेली. मधोमध तूक्कु, म्हणजे कडीचा स्टीलचा डबा, त्यात कोपऱ्यावरच्या टपरीतून आणलेला चहा. मला पाहून सगळे उठून उभे राहिले. मी खालच्या पायरीवर बसले तेव्हा हळूहळू तेही बसले. माझं तमिळ तेव्हा अर्धंमुर्धं होतं, पण ऐकलेलं बरंचसं कळायचं.

एक अक्का सांगत होती. वय असेल पंचेचाळीस, ओरत्तनाडूकडची. पाणी येत नाही म्हणून तिने एका शेतकऱ्याला कोरड्या जमिनीत थेट भात पेरायला सांगितलं होतं. सल्ला पुस्तकातला होता आणि बरोबरही होता. पण त्या जमिनीत कोरै होतं. आपल्याकडे ज्याला लव्हाळा म्हणतात ते गवत. चिखलणी करून, पाणी साठवून लावणी केली तर लव्हाळा दबून राहतो. कोरड्यात पेरलं की तो भाताच्या आधी वर येतो. "माझी चूक झाली," ती म्हणाली. "वर काही दिसत नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं. फावड्याने वीतभर उकरून बघायला हवं होतं. खाली गाठी होत्या."

कोणी तिला दोष दिला नाही, धीरही दिला नाही. एकाने विचारलं, गाठी काळ्या होत्या की तांबूस? दुसऱ्याने विचारलं, आता तो काय करणार आहे? तिसरा म्हणाला, माझ्याकडे दोघं जण उद्या पेरणार आहेत, मी आज जाऊन उकरून बघतो. आणि साडेसहाला, ऊन चढायच्या आत, सगळे आपापल्या सायकली आणि गाड्या घेऊन निघून गेले.

मी आत जाऊन त्या अक्काचा जूनचा अर्ज काढून पाहिला. तिथे लिहिलं होतं, 'बैठक चांगली झाली.'

त्या दिवसापासून मी पहिल्या बसने यायला लागले. तिथे ऐकलेलं संध्याकाळी मराठीत वहीत लिहून ठेवायचे. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत, आणि त्या उघडल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिण्णैवर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीची सुरुवात चुकीपासून आहे. कोणाचं बियाणं उगवलं नाही, कोणी फवारणी पावसाआधी करायला लावली, कोणी चुकीच्या घरी आधी गेला आणि अर्धा गाव रुसला. अर्जात यातलं एक अक्षर नव्हतं, कारण अर्ज वाचणारा वर बसलेला असतो. तो वाचणारी मी होते, आणि त्यांच्या नोकरीच्या मुदतवाढीच्या कागदावर सही करणारीही मीच. शेजारी बसलेल्या माणसाला चूक सांगता येते. उद्या त्याच्या गावात तेच घडणार असतं, त्यामुळे तो लक्ष देऊन ऐकतो.

गावांतही मला हेच दिसत गेलं. तंजावूरच्या त्रिभुज प्रदेशात गावाच्या पाण्याचा माणूस असतो, नीरपाच्चि. कालव्याच्या मोठ्या दरवाजावर सरकारचा लस्कर असतो, तो वरच्या हुकमाने झडप वरखाली करतो. तिथून पुढे गावाच्या पाटात आलेलं पाणी खाचराखाचरांत फिरवायचं काम नीरपाच्चिचं. पूर्वी त्याला कापणीच्या वेळी भात मिळायचं. आता बऱ्याच गावांत हे काम करणारं कोणी उरलेलं नाही. आमच्या एका गावात मात्र एक म्हातारे होते, सगळे त्यांना पेरियवर म्हणायचे. सप्टेंबरात पाणी सुटलं तेव्हा त्यांच्यामागून बांधावरून चालताना मला वारंवार आजोबांची पाठ आठवली. तोच खांद्यावरचा फावडा, तीच उघडी पोटरी, आणि पाण्यात पाय ठेवल्यावर क्षणभर थांबायची तीच लकब.

त्या हंगामात आम्ही शेतकऱ्यांना प्लास्टिकचे भोकं पाडलेले नळ वाटत होतो. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेने रुजवलेली ही पद्धत. नळ खाचरात रोवायचा, आतली माती काढायची, म्हणजे जमिनीखाली पाणी किती खोल गेलंय ते वरून डोकावून दिसतं. ते पंधरा सेंटिमीटरपर्यंत खाली जाईतो पुन्हा पाणी द्यायची गरज नसते. भाताच्या मुळांना काही त्रास होत नाही आणि पाणी बरंच वाचतं. दुष्काळाच्या वर्षी याहून मोलाचं दुसरं काय असणार? पण आमच्या पत्रकात नळ 'शेतात' रोवा एवढंच होतं. शेतकऱ्यांनी तो सोयीच्या जागी रोवला, बहुतेकांनी पाणी आत येतं त्या तोंडाशी.

पेरियवरांनी एका खाचरातला नळ पाहिला, वाकून आत बोट घातलं, आणि मान हलवली. मग ते खाचरात शिरले, अनवाणी, सरळ रेषेत, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत. परत आले आणि नळ उपटून दुसरीकडे रोवला. आमच्याबरोबरच्या तरुण कार्यकर्त्याने, त्याला सगळे तंबी म्हणत, विचारलं, इथेच का? ते म्हणाले, "तिथे खळगा आहे. सगळं शेत तहानेलं असलं तरी तिथे पाणी दिसेल. इथे जमीन सपाट आहे, शेताचं जे आहे तेच इथे दिसेल." पायाच्या तळव्याला दोन बोटांचा फरक कळत होता.

दुसऱ्या दिवशी तंबीने हे तिण्णैवर सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, उठून अंगणात चालून दाखवलं, पाऊल कसं ठेवायचं, टाच आधी की चवडा. आठवडाभरात सगळ्या गावांतले नळ जागेवर आले. मी पत्रकात एक ओळ वाढवली, तीही महिन्याने छापून आली. पुढे तंबी सबंध हंगामभर, आठवड्यातून दोन दिवस, पेरियवरांच्या मागे फिरला. यासाठी त्याच्या वेळापत्रकात कुठलाही रकाना नव्हता. मी तो वेळ 'गावभेट' म्हणून मंजूर करत गेले, आणि ते मी योग्य केलं असं मला आजही वाटतं.

लावणीच्या बायांकडून शिकायला मला जास्त वेळ लागला. आम्ही सेम्मै नेल पद्धतीचा प्रचार करत होतो. आंरी द लॉलानिए नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १९८० च्या दशकात मादागास्करमध्ये शेतकऱ्यांबरोबर काम करता करता ही रीत बसवली. चौदा दिवसांचं कोवळं रोप, एका जागी एकच, दोन्ही बाजूंनी साडेबावीस सेंटिमीटर अंतर. बियाणं फार थोडं लागतं, फुटवे भरपूर येतात. पण लावणारणीला हे नकोसं वाटतं. तिची मजुरी एकरावर ठरलेली, हात वर्षानुवर्षं मूठभर रोपं भराभर खोचायला सरावलेले. आणि इथे गवताच्या काडीएवढं रोप चिमटीत धरून खुणेच्या दोरीवर एकेक ठेवायचं. पहिल्या दिवशी लावणी निम्मीही होत नाही. गावोगाव बाया नकार द्यायच्या.

कार्यालयातल्या भिंतीवर आमचा नकाशा होता, तालुक्याचा, पंचायतींच्या हद्दी आखलेला. ही पद्धत एका गावातून शेजारच्या गावात सरकत जाईल असं धरून आम्ही त्यावर टाचण्या लावायचो. तसं घडलं नाही. शेजारचं गाव ढिम्म, आणि मध्येच वीस किलोमीटरवरच्या एखाद्या गावात बाया दोरी घेऊन उभ्या. मला उलगडा होईना. एकदा ओरत्तनाडूच्या अक्कालाच विचारलं. तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "ती तिच्या आईच्या गावी गेली होती ना, पोंगलला," ती म्हणाली. "तिथे भावजयीने शिकवलं."

माहेर! मी स्वतः बाई असून, दर उन्हाळ्यात आईबरोबर तिच्या माहेरी जाऊन आलेली असून, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पंचायतींच्या नकाशाखाली माहेर-सासरचा दुसरा नकाशा होता, आणि बायांचं काम त्यावरून चालत होतं. परक्या बाईने दाखवलेल्या रीतीत मजुरी बुडायची भीती असते. भावजयीबरोबर दोन दिवस फुकट लावून बघता येतं, हात बसेपर्यंत. एकदा हात बसला की पूर्वीइतक्याच वेळात एकर उरकतो, हे त्यांनी एकमेकींना सांगितलं. आम्ही ते सांगत होतो तेव्हा कोणीच ऐकत नव्हतं. मग आम्ही टाचण्या काढल्या, आणि चारही कार्यकर्त्या बायांनी आपापल्या गावांतल्या सुनांची माहेरं विचारून घेतली. त्यानंतर प्रात्यक्षिक कुठे ठेवायचं ते या यादीवरून ठरायला लागलं.

असंच आधीही घडून गेलेलं होतं. तंजावूर जिल्हा १९६० साली सघन शेतीच्या 'पॅकेज' कार्यक्रमासाठी देशातल्या पहिल्या सात जिल्ह्यांत निवडला गेला, आणि त्या दशकात आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातून एडीटी-२७ हे वाण बाहेर पडलं. त्रिची आकाशवाणीवरून त्याची माहिती इतकी पोचली की लोक त्याला रेडिओ भात म्हणायला लागले. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, तुम्ही रेडिओ ऐकून लावलं का? ते म्हणाले, ऐकलं रेडिओवर, पण लावलं मेव्हण्याच्या शेतात दोनदा जाऊन, एकदा लोंब्या मोजून, मग. आपल्याकडे पुणे आकाशवाणीने १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं बसवली होती, तेव्हा करणाऱ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक असावी. कार्यक्रम ऐकण्याइतकीच ऐकून झाल्यावर एकत्र बसून बोलण्याची बैठक त्यांनी महत्त्वाची मानली होती.

हे सगळं पाहिलेलं असूनही पुढच्या वर्षी मी जे केलं ते इथे लिहायला हवं.

२०१३ साली मेट्टूरचं पाणी २ ऑगस्टला सुटलं. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने सगळेच पोळलेले होते, कारण कुरुवैनंतरच्या सांबा हंगामाच्या पिकालाही पाणी शेवटपर्यंत पुरलं नव्हतं. या वर्षी एकही दिवस वाया जाऊ द्यायचा नाही असं मी ठरवलं. पेट्रोल महागलं होतं, गावं लांब होती. आमचे पैसे जिथून यायचे तिथूनही विचारणा होत होती की कार्यकर्ते सकाळी आधी कार्यालयात का जमतात. मी हिशोब मांडला. तिण्णैवरचा पाऊण तास आणि तिथवर यायचा-जायचा वेळ धरला तर माणशी रोज दीड तास निघत होता. मी ठरवलं की यापुढे सगळ्यांनी घरूनच थेट गावात जायचं, रोज रात्री मोबाइलवर ठराविक संदेश पाठवायचा, आणि महिन्यातून एकदा पूर्ण दिवसाची बैठक घ्यायची. अण्णा, म्हणजे आमचे सगळ्यांत जुने कार्यकर्ते, एवढंच म्हणाले, "बघा अम्मा." मी ते होकारार्थी घेतलं.

सप्टेंबरच्या मध्याला एका गावात लावणीआधी झिंक सल्फेट टाकायचं होतं. त्याची रीत साधी आहे. एकरी दहा किलो झिंक सल्फेट वीस किलो वाळूत मिसळून चिखलणीनंतर विस्कटायचं. स्फुरदाच्या खताबरोबर ते मिसळायचं नाही, मिसळलं तर दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात आणि झिंक पिकाला लागू होत नाही. पण वाळू आणायला गाडी लागते, वेगळं विस्कटायला एक मजूर जास्त लागतो. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी ते डीएपी या स्फुरदाच्याच खतात मिसळून एकाच फेरीत टाकलं. तीन आठवड्यांनी खालच्या पानांवर तांबेऱ्यासारखे ठिपके आले, रोपं खुजी राहिली. तिथल्या कार्यकर्त्याला कारण लगेच कळलं. आपण लावणीच्या दिवशी तिथे थांबायला हवं होतं हेही त्याला कळलं. त्या रात्रीचा त्याचा संदेश माझ्या फोनमध्ये पुढे कितीतरी दिवस होता: गाव, तारीख, भेट दिलेले शेतकरी ११, विषय खत व्यवस्थापन.

पुढच्या दहा दिवसांत आणखी दोन गावांत लावणी होती. तिथेही वाळू महाग होती आणि मजूर कमी होते. तिथेही डीएपीत मिसळलं गेलं. महिनाअखेरीच्या बैठकीत, दुपारच्या जेवणानंतर, केळीचं पान उचलता उचलता एकजण हळूच दुसऱ्याला म्हणाला, "तुझ्याकडे पण ठिपके आले का?" आणि तेव्हा कळलं की तिन्ही गावांत एकच चूक झाली, आणि पहिलीनंतरच्या दोन सहज टळण्याजोग्या होत्या.

आम्ही धावपळ केली. अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि एक टक्का युरिया यांची फवारणी पंधरा दिवसांच्या अंतराने करवली. पीक सावरलं, पण पूर्ण नाही. नंतरच्या दोन गावांत ज्यांचं नुकसान झालं त्यांतल्या एका बाईने आदल्या वर्षीच्या दुष्काळाचं कर्ज अजून फेडलेलं नव्हतं. मी तिच्या घरी गेले, तिला सगळं जसं झालं तसं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारलं, "त्या पहिल्या गावातल्या माणसाला ठाऊक होतं ना? मग तो तुमच्या माणसांना भेटत नाही का?"

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी तूक्कु घेऊन टपरीवर गेले आणि तिण्णैवर जाऊन बसले. आदल्या रात्री सगळ्यांना फोन केले होते. अण्णा आले तेव्हा मी बोलायला सुरुवात केली: वेळापत्रक मी बदललं, दीड तास वाचवायला गेले, आणि त्यात काय गेलं ते तीन गावांत दिसतंय. माझं तमिळ तोवर बरं झालं होतं, तरी मध्ये दोनदा शब्द सापडेनात. त्यांनी ऐकून घेतलं, आणि नेहमीसारखा पहिला प्रश्न आला: पैसे देणाऱ्यांना आता काय सांगणार? मग त्यावर सगळ्यांनी मिळून विचार केला. महिन्याच्या अहवालात 'सकाळची आखणी बैठक' असं नाव घालायचं ठरलं. नाव मिळालं, तिण्णै टिकली. एक अट मात्र सगळ्यांनीच घातली: तिथे जे बोललं जाईल ते कोणाच्या नावासकट अर्जात जाणार नाही. नोंद ठेवायची, पण गावाची आणि रोगाची, माणसाची नाही. माझी संगणकावरची नोंदवही खऱ्या अर्थाने भरायला लागली ती या अटीनंतर.

नोंदींचं मोल मी कधीच कमी मानलेलं नाही. तंजावूरला मी ज्यांच्या घरी राहत होते त्या आजी मराठी होत्या, व्यंकोजीराजांच्या काळात दक्षिणेत आलेल्यांपैकी एका घराण्यातल्या. त्यांची मराठी माझ्या मराठीहून किती वेगळी! पण डांगर पचडी त्यांच्या पानात होती, आणि उडदाच्या पिठाचं आमचं डांगर मला त्यात ओळखू आलं. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. किराणा मालाची यादी त्या मराठीतच करायच्या, पण तमिळ अक्षरांत. तीनशे वर्षांहून अधिक काळ ही भाषा त्या घरात तोंडातून तोंडात आली. त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतल्या मराठी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, भोसल्यांच्या दरबाराचे रोजचे हिशोब आणि पत्रव्यवहार. ते जपले गेले, मात्र मोडी वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याएवढी उरली. आजी आणि ते रुमाल यांच्यामध्ये कोणीतरी बसायला हवं होतं, असं मला तिथे राहताना नेहमी वाटायचं.

तसं मध्ये बसणारी माणसं मी आधी एकदा पाहिली होती. २०१३ च्या उन्हाळ्यात अण्णा मला आणि तंबीला तिरुत्तुरैपूंडीजवळच्या आदिरंगमला घेऊन गेले होते. 'नेल' जयरामन २००६ पासून तिथे पारंपरिक भाताच्या बियाण्यांचा मेळा भरवत. हत्ती लपेल एवढं उंच वाढणारं काट्टुयानम, खारवट जमिनीत तग धरणारं कुळियडिच्चान, जावयाच्या नावाचं माप्पिळ्ळै सांबा. दोन किलो बी न्यायचं आणि पुढच्या वर्षी चार किलो परत आणायचं, एवढा एकच नियम. २०१८ च्या डिसेंबरात जयरामन गेले तोवर पावणेदोनशेच्या आसपास वाणं त्यांनी अशी पुन्हा शेतात आणली होती. ज्यांच्या प्रेरणेने त्यांनी हे सुरू केलं ते नम्माळवार, मूळचे तंजावूर जिल्ह्यातलेच, कोविलपट्टीच्या सरकारी संशोधन केंद्रातली नोकरी १९६९ साली सोडून शेतकऱ्यांत आलेले. आम्ही मेळ्याला गेलो त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला पट्टुक्कोट्टैजवळच्या अत्तिवेट्टी गावात त्यांचं निधन झालं. मेळ्याच्या मांडवात भाषणं चालू होती, पण माझं लक्ष बी परत करणाऱ्यांच्या रांगेकडे होतं. चार किलोची पिशवी हातात धरून उभी असलेली माणसं पुढच्या-मागच्याला सांगत होती: पाणथळ जागी हे लावू नका, आडवं झालं, याला शेण जास्त झालं तर लोंबी पोचट येते. तंबी रांगेत उगाचच उभा राहिला, परत करायला काही नसताना, फक्त ऐकायला. अण्णांनी मला खुणेने तो दाखवला.

२०१५ साली मी घरी परतले. आईची तब्येत बरी नव्हती. निघायच्या दिवशी पेरियवरांना भेटायला गेले, ते तोवर अंथरुणाला खिळले होते. तंबी आता त्या गावचं पाणी बघत होता, संस्थेचं काम सांभाळून. पेरियवरांनी मला आजोबांविषयी विचारलं. मी मागे कधीतरी त्यांना सांगितलं होतं. पांझरेचं पाणी कसं वाटायचे, शेवटच्या वाफ्याला आधी की पहिल्याला? मला जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. फडाच्या सगळ्यात खालच्या टोकाचं शेत कोणाचं असायचं ते त्यांनी दोनदा विचारलं, आणि ते मला सांगता आलं नाही. साक्रीला आल्यावर मी बंधाऱ्यावरच्या गावात जाऊन ते विचारलं. आजोबांबरोबर काम केलेले एक काका होते, ऐंशी ओलांडलेले. आता मी आठवड्यातून एकदा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते.

२०२० साली मेट्टूर धरण आठ वर्षांनी पुन्हा वेळेवर, १२ जूनला उघडणार होतं. त्या दिवशी पहाटे पावणेसहाला माझा फोन वाजला. अण्णा होते. ते निवृत्त झाले होते तरी तिण्णैवर येत होते. "आज दरवाजे उघडणार," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. टाळेबंदीमुळे टपरीचा चहा नव्हता, जो तो घरून आपापल्या पेल्यात घेऊन आला होता, आणि एकमेकांपासून लांब बसला होता, काही जण खाली अंगणात. मला तंबीचा आवाज ओळखू आला, ओरत्तनाडूच्या अक्काचाही. मग एक अनोळखी आवाज, मुलीचा, जरा कापरा.

"नवीन आहे," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "मार्चमध्ये आली."

ती मुलगी सांगत होती की परवा तिने एका शेतकऱ्याला बी भिजवायला सांगितलं आणि किती तास ते सांगायला विसरली. अक्काने विचारलं, कोंब किती लांब आलेत? मुलीने बहुधा बोटाने दाखवलं असावं, कारण क्षणभर कोणी बोललं नाही. मग तंबी म्हणाला, चल, मी येतो तुझ्याबरोबर. अण्णा मला म्हणाले, नंतर करतो, आणि त्यांनी फोन ठेवला.